कांदा बेनापोलवरून, व्हिडिओ कॉल सिंगापूरवरून

आमचे मामासासरे लासलगावकडचे, कांद्याचे व्यापारी. आणि मी नाशकात नेटच्या लाईनीत, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी सिडकोत केबलवाल्याकडे पोलवर चढून वायरी ओढायचो आणि आता एका छोट्या आयएसपीच्या, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसात एसीत बसून लोकांच्या शिव्या खातो. जावई नेटवाला असल्याचा तोटा असा की सासरी कोणाचं काहीही अडकलं, वायफाय, टीव्ही, प्रिंटर, अगदी गॅसचं बुकिंग, फोन मलाच.

परवा मामांचा फोन आला. "जावईबापू, ढाक्याची पार्टी व्हिडिओवर माल बघतीय पण चित्र थांबून राहतंय, मी कांदा दाखवतोय आन् त्याला नुसती माझी टोपी दिसतीय." म्हणलं थांबा मामा, आयपी बघावा लागंल. तर मामा एकदम गंभीर. "आयपी? परत बंद केला का त्यांनी?" मी म्हणतोय बंद नाही, चालूये, फक्त रूट लांबचा असणार, आणि ते म्हणतायत रूट बेनापोलचाच आहे, म्हणजे बांगलादेशच्या बॉर्डरवरचा ट्रकचा नाका, मग लांबचा कसा. पाच मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्या आयपीवर तावातावाने बोलत होतो. त्यांचा आयपी म्हणजे इंपोर्ट परमिट, जो बांगलादेश सरकार तिकडच्या आयातदाराला देतं आणि जो थांबला की इकडे लासलगावात भाव कोसळतो. मला आपला आयपी ॲड्रेस माहिती, नेटवरचा पत्ता. हसून हसून वाट लागली, पण नंतर गाडी चालवताना वाटलं की दोन्ही आयपींचं दुखणं एकच आहे, मध्ये बॉर्डर आहे आणि माल कुठून जाणार ते अंतर ठरवत नाही, भलताच कोणीतरी ठरवतो.

रविवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्या कांदाचाळीवर गेलो. उन्हाळ कांदा भरलेला, तो वास, मामांनी पाटी उलटी करून मला बसायला दिली. पार्टीकडून त्यांच्या ऑफिसच्या राऊटरचा ॲड्रेस मागवला आणि ट्रेसरूट मारला, म्हणजे आपलं पॅकेट, डेटाचं छोटं पुडकं, कुठकुठल्या नाक्यावरून जातंय ते बघायचं. मामांच्या ऑफिसच्या लाईनवरून: नाशिक, मुंबई, चेन्नई, आणि तिथून थेट समुद्रात उडी, सिंगापूर, मग मागे फिरून ढाका. जाऊन यायला दीडशे मिलिसेकंदाच्या आसपास. मग माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, कंपनी वेगळी. त्याच पाटीवर बसून, तोच ढाक्याचा ॲड्रेस, तर पॅकेट मुंबईवरून कोलकात्याला आणि तिथून जमिनीवरून बॉर्डर पार. साठ-सत्तर. मामा म्हणाले, "म्हणजे माझा कांदा ट्रकमधून सरळ जातो आन् कांद्याचा फोटो सिंगापूर फिरून येतो?" हो मामा, तसंच.

नाशिक ते ढाका सरळ रेषेत सतराशे-अठराशे किलोमीटर असेल. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन यायला दहा मिलिसेकंद. त्या हिशोबाने ढाका अगदी हाकेच्या अंतरावर आहे. सिंगापूरवरून गेलं की तेच सात हजाराच्या पुढे जातं. आता नुसत्या लांबीने व्हिडिओ अडकत नाही हेही सांगतो, दीडशेवर लोक आरामात बोलतात, अडकतो तो संध्याकाळी मधला एखादा लिंक फुल झाला आणि पॅकेट गळायला लागली की. पण वाट जेवढी लांब आणि जेवढ्या जास्त लोकांच्या दारातून, तेवढ्या गळायच्या जागा जास्त, हे पाण्याच्या पाईपलाईनला पण लागू आहे.

लोकांना वाटतं इंटरनेट आपोआप जवळचा रस्ता शोधतं. अजिबात नाही. कुठल्या कंपनीचा कुठल्या कंपनीशी करार आहे, कुणाकडून बँडविड्थ स्वस्त पडते, त्यावरून रस्ता ठरतो. दोन शेजारी कंपन्या थेट जोडलेल्या नसतील तर त्या दोघी जिथे तिसऱ्याला भेटतात तिथपर्यंत पॅकेट जाणार, मग तो तिसरा सिंगापूरला का बसलेला असेना. भाऊबंदकी झालेल्या दोन घरांसारखं, मधे एक भिंत पण निरोप जातो तो पुण्याच्या आत्याकडून. आपल्याच देशात ही तऱ्हा होती म्हणून २००३ मध्ये निक्सी काढली, म्हणजे सगळ्या आयएसपींनी एकमेकांना जोडून घ्यायचा नाका, एक्सचेंज पॉइंट, की भारतातलं भारतात फिरावं, उगाच परदेश वारी नको. केनियात तर भारी झालं होतं. तिथल्या आयएसपींनी २००० साली नैरोबीत असाच एक एक्सचेंज पॉइंट सुरू केला, कारण नैरोबीतल्या नैरोबीत ईमेल सॅटेलाईटवरून परदेश फिरून यायचा, आणि तिथल्या सरकारी टेलिफोन कंपनीने तक्रार केली की आंतरराष्ट्रीय ट्रॅफिक हा आमचा हक्क, की टाकलं बंद पाडून. २००२ मध्ये परत चालू झाला. तेव्हा काय अडलं होतं, एक स्विच आणि चार केबली? तंत्राचं काहीच अडलं नव्हतं.

आफ्रिकेचं सांगतोय कारण २००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला समुद्री फायबरच नव्हती, मग सीकॉम नावाची केबल आली, त्याच वर्षी टीम्स, पुढच्या वर्षी ईसी. सीकॉमचं एक टोक तर आपल्या मुंबईत आहे. पण किनाऱ्यावर केबल आली म्हणून युगांडा-रवांडाला लगेच नेट मिळत नाही ना, त्यांना समुद्रच नाही, केनियाच्या मोंबासा बंदरापासून शेजाऱ्याच्या जमिनीतून तार ओढत न्यायची. आपल्याकडे नेपाळ, भूतान तसेच.

आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका नेपाळचे, पहाडातले, रात्री नऊ वाजता गेटवर खुर्ची टाकून घरी व्हिडिओ कॉल, नातू रोज त्यांना काहीतरी चित्र काढलेलं दाखवतो. २०२४ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी कॉल लागेना, मला म्हणाले साहेब तुमचं वायफाय गेलं. वायफाय ठणठणीत होतं. झालं असं होतं की नेपाळच्या आयएसपींनी भारतातल्या अपस्ट्रीम कंपन्यांचे, म्हणजे ज्यांच्याकडून ते घाऊक नेट घेतात त्यांचे, पैसे थकवले होते आणि इकडून नळ बंद केला. आता मजा बघा, पैसे नव्हते असंही नाही, परकीय चलन बाहेर पाठवायला त्यांच्या सरकारची मंजुरी लागते आणि सरकार म्हणे आधी आमची रॉयल्टी भरा मग मंजुरी. भांडण काठमांडूत, काही तास नेट गेलं अख्ख्या देशात कित्येकांचं, आणि ऐकून घेतलं मी नाशकात. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी रसुवागढीवरून चीनकडून दुसरी लाईन घेतली होती, तोपर्यंत जवळपास सगळी मदार बीरगंज, भैरहवा असल्या भारताच्या बाजूच्या नाक्यांवर. दुसरी लाईन आली की पहिला जरा नीट वागतो, भावात पण, हे आम्ही आयएसपीवाले रोज बघतो. पण ती बिचारी हिमालयातून येते, दरडी, पूर, भूकंप, काय नाही त्या रस्त्यावर. त्यामुळे मोठा बोजा अजून इकडूनच.

भूतानचे दोन्ही नाके, फुन्शोलिंग आणि गेलेफू, भारताकडेच. दोन पाईप असून टाकी एकच.

आणि आपण फक्त देणारेच आहोत असंही नाही बरं का. आपली जवळजवळ सगळी ईशान्य भारताची फायबर सिलिगुडीच्या त्या वीस-बावीस किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीतून जाते, जेसीबीवाल्याने मनावर घेतलं तर काय होईल ते मी सांगायला नको. म्हणून २०१६ च्या मार्चमध्ये त्रिपुराने उलटी गंगा वाहवली, बांगलादेशच्या कॉक्सबाजारच्या समुद्री केबलवरून बॉर्डरजवळच्या आखौराला आणि तिथून आगरताळ्याला बँडविड्थ घेतली, मुंबई चेन्नईनंतरचा तिसरा आंतरराष्ट्रीय गेटवे म्हणून गाजावाजा झाला, दोन्ही पंतप्रधानांनी व्हिडिओवरून उद्घाटन केलं आणि त्याच दिवशी त्रिपुराची शंभर मेगावॅट वीज बांगलादेशला सुरू झाली. वीज घ्या, नेट द्या. मला हा सौदा फार आवडतो, शेजारधर्म म्हणजे असा, वाटीभर साखर देऊन वाटीभर डाळ घेणं. किती बँडविड्थ होती माहितीये? १० जीबीपीएस. आमच्या पाथर्डी फाट्याच्या एका ओएलटीला, म्हणजे घरोघरी फायबर वाटणारा, कपाटातल्या एका खणाएवढा डबा, त्याला १० जीबीपीएसचा अपलिंक आहे. दोन देशांना करार करून, फिती कापून जेवढं मिळालं तेवढं आज आम्ही एका वॉर्डला लावतो. बांगलादेश तर २०१२ पासून स्वतः जमिनीवरून भारतातून लाईन घेतो, आयटीसी म्हणतात त्या जमिनीवरच्या आंतरराष्ट्रीय केबलच्या लायसनवर, कारण नुसत्या समुद्री केबलवर राहिलं आणि ती तुटली की बोंब. ती भीती आपल्यालाही आहेच, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाल समुद्रात केबली तुटल्या तेव्हा आमचा फोन दोन दिवस खाली ठेवायला मिळाला नाही.

मग सगळे एकमेकांना जोडून का घेत नाहीत? तर सासेक या दक्षिण आशियातल्या देशांच्या सहकार्य गटाच्या नावाने भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान असे चौघांनी मिळून इन्फर्मेशन हायवे करायचं २००७ पासून ठरलंय, पैसा आशियाई विकास बँकेचा. संयुक्त राष्ट्रांचा आशिया-पॅसिफिकसाठीचा आयोग, एस्कॅप, पण सांगतच असतो, रस्ता, रेल्वे, विजेची लाईन बॉर्डर पार नेताना त्यातच डक्ट, म्हणजे केबलसाठी रिकामा पाईप, टाका. बरोबरच आहे हो! खर्च तारेचा नसतो, खर्च खोदाईचा असतो. विजेच्या मोठ्या टॉवरवर सगळ्यात वर जी अर्थवायर असते तिच्या पोटात फायबर घालता येते, भारतातून नेपाळला ढल्केबरला आणि बांगलादेशला भेरामाराला अशा मोठ्या लाईनी गेल्यातच. २०२३ मध्ये आगरताळा-आखौरा रेल्वे जोडली गेली. वाटा आहेत. पण तार गेली तरी ती कोणी विकायची, किती भावाने, मधल्या देशाने नुसतं तिसऱ्याला जाऊ द्यायचं का त्यावर टोल घ्यायचा, आणि कोणाचं सरकार कोणावर कधी रुसणार, इथे गाडी अडते.

दुसऱ्यांना काय नावं ठेवायची, सध्या नाशकात कुंभमेळ्याच्या नावाने जिकडे तिकडे खोदलंय. एक रस्ता करतो, दुसरा पाण्यासाठी खोदतो, तिसरा गटारीसाठी, आणि प्रत्येक वेळी आमची फायबर तुटते. गेल्या महिन्यात एका रात्री मुंबई नाक्याजवळ खड्ड्यात उतरून आमची दोन पोरं टॉर्चच्या उजेडात स्प्लायसिंग करत होती, म्हणजे तुटलेल्या तारा जोडत होती, एका केबलीत अठ्ठेचाळीस कोअर, पावसाची भुरभुर, वरती ताडपत्री धरून मी. जेसीबीवाला बाजूला चहा पीत होता. म्हणला, "साहेब आम्हाला कुठं माहिती खाली काय हाये, कागदच नाय दिला कोणी." एकाच शहरातल्या चार खात्यांना एकच खड्डा वाटून घेता येत नाही तिथे चार देश.

असो. मामांचं काय झालं ते राहिलंच. त्यांच्या ऑफिसला मी दुसऱ्या कंपनीची लाईन लावून दिली, जिचा रूट कोलकात्यावरून जातो. मंगळवारी ढाक्याच्या पार्टीशी कॉल झाला, एकदम काच. मामांनी पाटी ओतली, कॅमेरा जवळ नेला, पार्टीला एकेक कांदा दिसला. पार्टी म्हणाली यात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, फार आहे, भाव कमी करा.

रात्री मामांचा फोन, "जावईबापू, ते सिंगापूरवालं परत लावता येईल का?"