हजाराच्या आतले शहर
अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, आयोवा राज्यात, मी ज्या गावात राहतो त्याची वस्ती हजाराच्या आत असली तरी कायद्याने ते पूर्ण दर्जाचे शहर आहे. येथे महापौर, पाच सदस्यांची नगर परिषद आणि स्वतःची पाण्याची टाकी आहे. या राज्यातील नऊशेहून अधिक शहरांपैकी बहुतेक अशीच लहान आहेत.

येथे शहर चालवणारी माणसे वेगळी कोणी नसतात. अग्निशमन दल स्वयंसेवकांचे आहे. पेजर वाजला की धान्याच्या कोठारावर काम करणारा तरुण आणि शाळेतील शिक्षक हातातले काम टाकून एकाच बंबाकडे धावतात. परिषदेच्या बैठकीचा वृत्तांत आणि मंजूर झालेली बिले वर्तमानपत्रात छापणे बंधनकारक असल्याने हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकायच्या मिठावर किती पैसे गेले, हे कोणापासून लपत नाही. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. रुग्णवाहिकेची स्थिती मात्र नाजूक आहे. ही सेवा अत्यावश्यक ठरवून तिच्यासाठी मतदारांकडून कर मंजूर करून घेण्याची मुभा काउंटींना, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांना, २०२१च्या कायद्याने दिली खरी, पण प्रशिक्षण घेऊन मध्यरात्री निघायला तयार असलेली माणसे केवळ पैशाने मिळत नाहीत.

माणसे कमी का झाली, याचे उत्तर भोवतीच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत आहे. रेल्वेमार्गावरील ही गावे एकमेकांपासून थोड्याच मैलांवर वसवली गेली, कारण शेतकऱ्याला घोडागाडीतून धान्य आणून त्याच दिवशी परतायचे असे. तेव्हा १६० एकरांवर एक कुटुंब राबत असे. आज यंत्रांच्या बळावर एकच कुटुंब हजार एकर कसू शकते. त्यातच १९८०च्या दशकातील कर्जसंकटाने अनेकांच्या जमिनी गेल्या. मुले घटली तशा शाळा शेजारच्या गावांच्या शाळांत विलीन झाल्या. दुकान बंद पडले तर लोक दूरवर जाऊन सामान आणतात, पण शाळा गेली की तरुण कुटुंबांना येथे घर घेण्याचे कारणच उरत नाही. म्हणून माझ्या मते हा घाव सर्वांत खोल आहे.

शाळेनंतर मुलांना एकत्र बसता येईल अशी जागा आता सार्वजनिक वाचनालयच आहे. मी त्याच्या विश्वस्त मंडळावर असून, १ जुलैपासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षात ते शनिवारी दुपारीही उघडे ठेवण्यासाठी तरतूद व्हावी, ही मागणी अंदाजपत्रकाच्या जाहीर सुनावणीत मी मांडणार आहे.