नगरधन : बूट घालून आलेल्या पाहुण्याला दाखवलेला भुईकोट

पुण्याचा मावसभाऊ डिसेंबरात आला, तो ट्रेकिंगचे बूट घेऊनच. "तुमच्याकडे किल्लाबिल्ला आहे का एखादा?" हे त्यानं ज्या सुरात विचारलं, त्या सुरापायीच रविवारी त्याला नगरधनला नेलं. गाडीतून उतरून त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "चढ कुठाय?" चढ नाही बाबा, भुईकोट आहे.

नागपूरहून नगरधन चाळीसेक किलोमीटर. सातला तर्री-पोहे खाऊन निघालो. जबलपूर रोडनं कामठी, कन्हान, मग मनसरला उजवीकडे वळून रामटेक आणि तिथून दक्षिणेला सहा-सात किलोमीटर, एवढा सरळ रस्ता. आम्ही मात्र मोबाइलचं ऐकून धानाच्या बांध्यांमधल्या वाटेनं घुसलो आणि तणसानं भरलेल्या बैलगाडीमागे पंधरा मिनिटं रांगत राहिलो. तुम्ही तसं करू नका. गाडी नसेल तर एसटीनं रामटेकला या आणि स्टँडवरून जाण्यायेण्याचा मिळून ऑटो ठरवा. परतीचं गावात मिळेल, या भरवशावर राहू नका.

किल्ला चौकोनी आहे. बाहेर बुरुजांची तटबंदी, आत इमारतींभोवती दुसरी भिंत, आणि वायव्येला महाद्वार. बांधला गोंड राजांच्या काळात. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी दुरुस्त करून वापरला. अलीकडच्या डागडुजीनं तो उभा राहिलाय हे खरं, पण काही जागी भिंत इतकी गुळगुळीत दिसते की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते हात लावूनही कळत नाही. मला ते थोडं खटकलं. भाऊ म्हणाला, "पडझड बघत बसण्यापेक्षा बरंय." त्याच्याकडचे कित्येक किल्ले आठवले आणि मी गप्प बसलो.

खरी मजा आतल्या बावडीत. पायऱ्या उतरून खाली गेलं की भुयारासारख्या जागेत देवीचं ठाणं आहे. उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही, म्हणून घाई न करता भिंतीला धरून उतरा. बॅटरी सोबत ठेवाच; मोबाइलच्या उजेडात माझा पाय एकदा सटकला.

बहुतेक लोक किल्ला पाहून, फोटो काढून अर्ध्या तासात निघतात. तिथेच चुकतं. किल्ल्याच्या उत्तरेला जे गाव आहे, ते जुन्या वस्तीच्याच डोक्यावर बसलंय. हेच नंदिवर्धन, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याची राजधानी. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथे दिली होती. नवरा, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन, लवकर गेला आणि मुलं लहान, म्हणून राज्य तिनंच चालवलं. पाचव्या शतकातली ही गोष्ट. 2015 ते 2018 दरम्यान इथे उत्खनन झालं, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. वर ब्राह्मी अक्षरं, सोबत शंख, आणि वजन जेमतेम 6.4 ग्रॅम! हे घरूनच वाचून या. नाहीतर गावात घरं, गोठे आणि कोंबड्या यापलीकडे काही दिसणार नाही. भाऊ मात्र त्यानंतर दर पावलाला खाली बघून चालायला लागला.

वेळेचं म्हणाल तर नगरधन सकाळी, रामटेक दुपारनंतर. तटावर सावली अशी नाहीच. डिसेंबरातही अकरानंतर दुपट्टा बांधावा लागतो. एप्रिल-मेचं तर नावच काढू नका. पाणी घरूनच न्या. त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला रामटेकला यात्रेची गर्दी असते, निवांत फिरायचं असेल तर ते दिवस टाळा.

रामटेकच्या गडावर गाडी वरपर्यंत जाते. आम्ही पायथ्याच्या अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी चढलो आणि भावाचे बूट शेवटी सार्थकी लागले. वर जाल तेव्हा राममंदिरावरच थांबू नका, केवल नरसिंहाचं देऊळही बघा. त्याच्या भिंतीत वाकाटकांचा शिलालेख आहे, म्हणजे सकाळच्या नगरधनाचाच धागा इथे पुन्हा सापडतो. डबा मात्र वर उघडू नका. आम्ही उघडला. बायकोनं पहाटे उठून केलेली सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, तिचं सारण भरलेली वडी) एका वानरानं शांतपणे भावाच्या हातातून घेतली, सोलल्यासारखं वरचं कव्हर काढलं आणि फक्त सारण खाल्लं.