पालथा रांजण

शिवरात्रीच्या सुट्टीत आईला अजिंठ्याला नेलं. फर्दापूरला गाडी लावली, तिथून बसनं लेण्यांपर्यंत. पायऱ्यांपाशी डोलीवाले मागं लागले. "चौघांच्या खांद्यावर जायला येळ हाय अजून मला," म्हणत आईनं पदर खोचला आणि चढायला लागली.

एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढं मोबाइल धरलेले हातच हात. तिथून रमतगमत दहा नंबरला आलो. एक गृहस्थ दारातूनच आपल्या मंडळींना म्हणाले, "चला, इथं काही नाही."

तसं खरंच काही नाही. ३९ अठकोनी खांब. खाली बैठक नाही, वर माथा नाही. शेवटी दोन टप्प्यांच्या गोल ओट्यावर स्तूप. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम. स्तूपावर मूर्ती नाही, वेलबुट्टीही नाही. आई टक लावून बघत राहिली. मग बाजारात रांजण पारखावा तसा तिनं हवेतल्या हवेत तळवा फिरवला. "पालथा घातलेल्या रांजणावानीच हाय की रे. कुठं बाक नाही."

मी साधेपणावर काहीतरी मोठं बोलणार, तोच खांबावरचा गिलावा दिसला. त्यावर रंग. या भिंती, हे खांब एके काळी चित्रांनी भरलेले होते. म्हणजे मला भावलेला साधेपणा निम्मा पडझडीचा! (घरी भिंतीचा पोपडा निघाला की मात्र मी रंगाऱ्याला फोन लावतो.)

पुढं २६ नंबरचं लेणं, सुमारे सहाशे वर्षांनंतरचं. इथं स्तूपातच पाय खाली सोडून बसलेले बुद्ध, अवतीभवती मूर्तींची दाटी. डाव्या भिंतीला महापरिनिर्वाण. आईनं तिथं हात जोडले. दहा नंबरला जोडले नव्हते. "तिथं काय आवडलं मग?" मी विचारलं. तिनं नुसता पदराचा काठ पुढं केला. ही पैठणी तिच्या लग्नातली. काठापदरावर मोर नि वेली, अंगभर मात्र सपाट जांभळा रंग. तो सपाट आहे म्हणून मोर दिसतात, असं तिला म्हणायचं होतं की नुसती मान दुखत होती म्हणून विषय बदलायचा होता, कोण जाणे.

परतताना सिल्लोडच्या अलीकडं रस्त्याकडेला माठ मांडलेले दिसले. फुलं काढलेले, तोटी बसवलेले पुढं, साधे मागं. आईनं मागचा एक ओढला, बोटानं वाजवला, तळवा फिरवला.

"याच्यावर तर काहीच काढलं नाही," ती कुंभाराला म्हणाली, "वीस रुपये कमी कर."

"मावशे, फुलाखाली बाक झाकतो," तो म्हणाला. "यात काय झाकू?"

दहाच कमी झाले. माठ मांडीवर घेऊन आई घरापर्यंत आली.