आमची वाटचाल : आधी मोजमाप, मग स्पेअर पार्ट

आमचं गॅरेज सांगलीत, माधवनगर रोडला. वडिलांनी चालू केलं, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. तेव्हा पद्मिनी, मारुती ८००, ओम्नी असल्या कार्बोरेटरच्या गाड्या, अण्णा आवाजावरनंच सांगायचे कुठला जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) चोक झालाय ते. २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं इंजेक्टरमधनं पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या आपल्याकडं वाढल्या आणि नुसत्या कानावर भागंना, मग मी आयटीआय करून गॅरेजला बसलो, पहिला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं मशीन, कर्ज काढून घेतला. अण्णांनी एकच अट घातली, गिऱ्हाईकाला पार्ट बदलायला सांगायच्या आधी तो खराब आहे हे मोजून दाखवायचं. आमचा धंदा आजपण त्याच अटीवर चाललाय.

आता हवेच्या तापमानाचा सेन्सरच घ्या, इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे ते तो ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो मॅप सेन्सरच्या (हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) आतच असतो. हवा थंड असली की सेन्सरचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढतो, तापली की कमी होतो, साधारण २० डिग्रीला दोन-अडीच किलोओहम. ईसीएम ५ व्होल्ट सोडून बघतो आणि तापमान काढतो. वायर तुटली तर स्कॅनरवर उणे ४० डिग्री दिसतं आणि पी ०११३ हा बिघाडाचा कोड येतो, हे कुणीपण पकडेल. पण सेन्सर थोडंच चुकीचं सांगत असला तर कोड येत नाही, चेक लाइट लागत नाही, फक्त गाडी पेट्रोल पिते. गिऱ्हाईक खरं हैराण होतंय ते इथं.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार गाडी घेऊन आले. ॲव्हरेज पार पडलेलं, सायलेन्सर काळा, दुसरीकडं त्यांना चारी इंजेक्टर बदला म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, दादा, गाडी आज रात्री इथंच ठेवा. सकाळी स्टार्ट न मारता नुसती चावी ऑन केली, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) २४ डिग्री आणि आत जाणारी हवा ३ डिग्री! रातभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत, आणि सांगलीत ३ डिग्री थंडी कुणी बघितलीय? हवा थंड म्हणजे दाट, म्हणून ईसीएम बिचारा जास्त पेट्रोल सोडत होता.

आता सेन्सरच बदलून टाकावा असं कुणालाही वाटेल. पण काढून मीटर लावला तर दोन किलोओहमच्या आसपास, म्हणजे एकदम बरोबर, हेअर ड्रायरची हवा दिली की आकडा सरसर उतरत होता. मग गाडीकडच्या कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या. वायरिंग चांगलं असलं की स्कॅनरवर तापमान एकदम वरच्या टोकाला जायला पाहिजे, ते वीसच्या आतच अडकलं. कनेक्टर उघडला तर पीन हिरवी पडलेली. गाडी २०१९ च्या पुरात अडकलेली, पाणी उतरल्यावर धुतली पण कनेक्टर कुणी उघडला नव्हता. पीन गंजली की तिचा रेझिस्टन्स सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये मिळतो आणि ईसीएमला हवा आहे त्याच्यापेक्षा थंड वाटते. नवीन पीन क्रिंप केली, म्हणजे वायरवर दाबून बसवली, काम झालं. दादांनी पुढं त्यांच्या गावच्या कितीतरी गाड्या आमच्याकडं पाठवल्या.

त्या पुरानंतर आम्ही कनेक्टर, पिना, क्रिंपिंगचं सामान कायम भरून ठेवतो. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा त्याचा लई उपयोग झाला. सेन्सर खरंच गेलेला असतो तेव्हा बदलतोच, पण जुना आणि नवा दोन्हीला मीटर लावून गिऱ्हाईकासमोर. पोरांना पण पहिलं हेच शिकवतो, आणि मे महिन्यात ट्रॅफिकमधनं आलेल्या गाडीत हवा ६० डिग्री दाखवली म्हणून घाबरायचं नाही, इंजिनची धग असते ती, गाडी चालवली की आकडा खाली येतो, आला नाही तर मग बघायचं.

तेव्हा ॲव्हरेजची तक्रार असली तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावा, सकाळी चालवत आणली की इंजिन तापलेलं असतं आणि कूलंटचा आणि हवेचा हे दोन आकडे जुळवून बघता येत नाहीत.