मंजुरी

१ जुलै २०२४ चा सोमवार नाशिकच्या जिल्हा न्यायालयातील कोणताही वकील सहजी विसरणार नाही. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि बार रूममध्ये सकाळपासून प्रत्येकाच्या हातात जुन्या-नव्या कलमांचे तक्ते होते. माझ्या फाइलला मात्र नवे काहीच लागू नव्हते. गुन्हा जुना होता, त्यामुळे कायदाही जुनाच.

प्रकरण दंगलीचे होते. एका सभेनंतर जमावाने दुकानांवर आणि उभ्या वाहनांवर दगडफेक केली होती. माझा आशील तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत होता. कलमे १४३, १४७, १४९ आणि ४२७, म्हणजे बेकायदा जमाव, दंगल आणि मालमत्तेचे नुकसान. त्या दिवशी आरोप निश्चित झाले. न्यायाधीशांनी आरोप मराठीतून वाचून दाखवला, गुन्हा कबूल आहे का असे विचारले, आणि त्याने मान खाली घालून ‘नाही’ म्हटले. पाच मिनिटांत काम संपले.

व्हरांड्यात त्याची आई छत्री मिटून उभी होती. तिने विचारले, “साहेब, ज्यांनी माईकवरून पोरांना पेटवलं, त्यांची तारीख कुठल्या कोर्टात असते?”

ते भाषण दोषारोपपत्रात होते, पण एका हवालदाराच्या जबाबातील तीन ओळींपुरते. भाषण करणारे तेव्हा पदावर होते, आता नाहीत. आरोपींच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. समाजगटांत वैर पसरवण्याबद्दलचे कलम १५३-अ लावायचे तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते, आणि ती आलेली नव्हती. मी तसे सांगितल्यावर ती म्हणाली, “माझ्या पोराला नाही लागली का मंजुरी?”

लागली नव्हती. इतकी वर्षे वकिली करून मला त्या बाईसमोर दुसरे उत्तर सापडले नाही.

त्याच संध्याकाळी ऑफिसात ज्युनिअर मंडळी नव्या कायद्याची उजळणी करत बसली असताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर फौजदारी खटला चालवता येतो का, हा त्यातला प्रश्न होता. आम्ही ती ११९ पाने उघडली आणि घरी जाण्याचे विसरलो. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने म्हटले होते की संविधानाने राष्ट्राध्यक्षाला दिलेल्या मूळ अधिकारांच्या वापराबद्दल खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे, इतर अधिकृत कृत्यांसाठी संरक्षण आहे असे किमान गृहीत धरले जाईल, आणि खासगी कृत्यांना कोणतेही संरक्षण नाही. ट्रम्प यांचे ६ जानेवारी २०२१ चे भाषण राष्ट्राध्यक्षाचे होते की निवडणूक हरलेल्या उमेदवाराचे, हे ठरवण्याचे काम खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले होते.

त्या भाषणानंतर जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीत घुसला. आठवड्याभरात प्रतिनिधिगृहाने २३२ विरुद्ध १९७ मतांनी ट्रम्प यांच्यावर बंडाला चिथावणी दिल्याचा महाभियोग मंजूर केला. १३ फेब्रुवारीला सिनेटमध्ये ५७ जणांनी दोषी म्हटले, पण दोनतृतीयांश म्हणजे ६७ मते हवी होती. विशेष अभियोक्ता जॅक स्मिथ यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रात चार आरोप होते आणि त्यांत चिथावणीचा आरोप नव्हताच. माझ्या एका ज्युनिअर मुलीला हे पटेना. मला मात्र त्यात अभियोक्त्याचे शहाणपण दिसले. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालापासून तिकडे चिथावणी सिद्ध करायची तर वक्त्याचा रोख तत्काळ बेकायदा कृतीकडे होता आणि तशी कृती घडण्याचा संभवही होता, असे दाखवावे लागते; आणि त्या भाषणात जोराने लढण्याची हाक होती तसे शांततेने आवाज पोहोचवण्याचे वाक्यही होते. बचावाचा वकील म्हणून मी त्या एका वाक्यावर दोन दिवस युक्तिवाद केला असता. अभियोक्ता असतो तर भाषण संपल्यापासून लोकांना घरी जाण्यास सांगेपर्यंत गेलेल्या १८७ मिनिटांवर बोट ठेवले असते, कारण हेतू पुष्कळदा बोलण्यापेक्षा गप्प राहण्यातून कळतो.

माजी राष्ट्रप्रमुखावर खटला चालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३६१ मध्ये राष्ट्रपती आणि राज्यपालांविरुद्ध फौजदारी कारवाईस मनाई आहे, पण ती पदावर असेपर्यंत. पंतप्रधानाला तेवढीही नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लोकसेवकाला कलम १९७ चे संरक्षण होते तेही कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यापुरते, आणि सभेत लोकांना भडकावणे हे कोणाचेही शासकीय कर्तव्य असू शकत नाही. २०२० च्या अमिश देवगण निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची जबाबदारी अधिक आहे. हे मला मनापासून पटते. मात्र पुराव्याची कसोटी तीच राहिली पाहिजे, नेत्यासाठी सैल नको आणि कडकही नको. याच नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ साली कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. शब्दांवरचे कायदे सत्तेच्या हातात किती लांब पोहोचतात, हे आम्हाला परदेशातून शिकावे लागत नाही.

त्या दिवसापर्यंत कॅपिटॉल प्रकरणात चौदाशेहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले होते. हा आकडा वाचताना मला व्हरांड्यातली ती बाई आठवत राहिली. ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर २५ नोव्हेंबरला त्यांच्यावरचा खटला काढून टाकण्यात आला, कारण पदावरील राष्ट्राध्यक्षावर खटला न चालवण्याचे तेथील न्याय विभागाचे धोरण आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सुमारे पंधराशे जणांना माफी दिली. चिथावणीचा फौजदारी निवाडा मात्र कोणत्याच न्यायालयात झाला नाही.

१ जुलैच्या त्या रात्री सगळे गेल्यावर मी जुनी दंड संहिता पुन्हा उघडली. कलम ११७, दहाहून अधिक व्यक्तींना गुन्ह्यास अपप्रेरणा, म्हणजे चिथावणी देणे. त्याला कलम १९६ ची मंजुरी लागत नाही, आणि पुराव्यातून दुसऱ्या कोणाचा सहभाग दिसला तर प्रक्रिया संहितेच्या कलम ३१९ खाली न्यायालय त्याला आरोपी म्हणून बोलावू शकते. आशील त्या जमावात नव्हताच, असा आमचा बचाव असल्याने भाषणाबद्दल विचारण्यात त्याला धोका नव्हता. तरी मी त्याला आणि त्याच्या आईला ऑफिसात बोलावून सगळे समजावले आणि त्यांची संमती घेतली.

पुढे हवालदार साक्षीला उभे राहिले. उलटतपासणीत मी विचारले की सभेत नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, ते कोणी उच्चारले आणि त्यानंतर किती वेळाने पहिला दगड पडला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी क्षणभर फाइलकडे पाहिले, हरकत फेटाळली आणि लघुलेखकाला उत्तर शब्दशः उतरवून घेण्यास सांगितले. हवालदारांनी नाव घेतले. मागच्या बाकावर ती बाई बसली होती.