सोनोग्राफी नॉर्मल होती

टेम्पोचा फाळका आणि चिऱ्याचा गडगा यांच्यात तो पोरगा क्षणभरच दाबला गेला होता. देवगडकडची बाग, हापूसचा ऐन हंगाम. पेट्या भरलेला टेम्पो त्याचा चुलतभाऊच मागे घेत होता. अंगावर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. त्याला सावलीत बसवलं, कोकम सरबत पाजलं. उठताना चक्कर आली तेव्हा कुठे गाडीत घातलं. वाटेत एका ठिकाणी सोनोग्राफीही झाली. कणकवलीला आमच्याकडे पोचले तेव्हा काकांच्या हातात ‘पोटात पाणी नाही’ असा रिपोर्ट होता. "डॉक्टरानू, तेका काय लागाक नाय. घाबरलो हा नुसतो."

त्या कागदाचा मला अजून राग येतो. त्यात खोटं काही नव्हतं. पण पोटात दोनेकशे मिलिलिटर रक्त साठल्याशिवाय ते सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, आणि आतड्यांच्या मागे, मणक्यालगत साठलेलं तर बहुतेक वेळा निसटतंच. पहिल्या तासातल्या ‘नॉर्मल’चा अर्थ ‘अजून दिसलेलं नाही’ एवढाच. हे रिपोर्टवर कोणी लिहीत नाही आणि नातेवाइकांना कोणी सांगत नाही.

नाडी ११८, रक्तदाब ११०/९०. "बीपी चांगलं आहे सर," आमचा नवा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणाला. तरणा माणूस रक्तवाहिन्या आवळून वरचा आकडा बराच वेळ धरून ठेवतो; अंगातलं तीसेक टक्के रक्त जाईपर्यंत तो पडत नाही. खालचा आकडा मात्र आधी चढतो, दोघांतलं अंतर कमी होतं. हिमोग्लोबिन १३.८ आलं, त्यावरही विसंबण्यात अर्थ नव्हता, कारण उरलेलं रक्त पातळ व्हायला वेळ लागतो. मी त्याच्या गुडघ्यांना हात लावला. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि याचे गुडघे गार. लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल, ४.६ वर चढलेलं.

सोनोग्राफीचा प्रोब मी स्वतः फिरवला. यकृताखाली कोरडं, प्लीहेजवळ कोरडं, मूत्राशयामागे एक बारीक काळी पट्टी, म्हणजे साठलेलं रक्त. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर पट्टी जाड झालेली. तोवर दाब ८४ वर आला होता. सलाईन दिलं की शंभरावर जायचा, पुन्हा घसरायचा.

रुग्ण स्थिर असेल तर कॉन्ट्रास्ट सीटीला, म्हणजे शिरेतून औषध सोडून काढलेल्या सीटीला, तोड नाही. औषध धमन्यांत असतानाच्या फेरीत रक्तवाहिनीबाहेर दिसलेला ठिपका ते शिरांत पोचल्यावरच्या फेरीत पसरलेला दिसला, की वाहती जागा कळते. मोठ्या शहरात तिथून अँजिओग्राफीला नेऊन कॉइलने, म्हणजे आत सोडलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्याने, ती बंदही करतात. पण सलाईनवर तगून असलेल्या माणसाला सीटीच्या टेबलावर न्यायचं नसतं.

"मग बांबोळीक न्हेऊया काय?" काकांनी विचारलं. बांबोळी म्हणजे गोव्याचं मोठं सरकारी रुग्णालय. त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे ‘पुढे न्या’ हाच शहाणपणाचा सल्ला समजला जातो. बांबोळीला दोन तास, घाट चढून कोल्हापूरला त्याहून जास्त. रुग्ण वाटेत गेला तर पुढे पाठवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. पोट उघडून हरलेल्याच्या मात्र काचा फुटतात. म्हणून चांगले हात असलेले सर्जनही पाठवून मोकळे होतात. मी काकांना म्हटलं, हा घाटापर्यंतही पोचणार नाही. त्यांनी सही केली.

भूल देणाऱ्या मॅडम तीन रुग्णालयं सांभाळतात. त्या दुसरीकडचं सिझेरियन आटपून तशाच धावत आल्या. रक्तस्राव आवरायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा एक ग्रॅम आत गेला होता. दुखापतीपासून तीन तासांच्या आत दिलं तरच त्याचा उपयोग. रक्ताच्या दोन पिशव्या हाताशी होत्या, बाकीच्या ओरोसहून येत होत्या.

पोट उघडलं तर दोन लिटरच्या आसपास रक्त. चारी कोपऱ्यांत मॉप्स, म्हणजे रक्त टिपायची मोठी फडकी, भरले आणि एकेक काढत गेलो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची मेझेंटरी, म्हणजे आतड्याला रक्त पुरवणारा पडदा, वीतभर सुटून बादलीच्या कडीसारखी लोंबत होती. तिथल्या धमन्या बांधल्या, तरी मुळाशी काळं रक्त भरून येतच होतं. आतड्याचं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या, सुपीरियर मेझेंटेरिक शिरेची एक फांदी मुळातून उपटली होती. अशा वेळी घाईने चिमटा मारला की कागदासारखी पातळ शीर आणखी फाटते. मी बोटाने दाबलं आणि थांबलो. मॅडमना रक्त चढवायला वेळ दिला. मग स्पंजने वर-खाली दाबून ते छिद्र ५-० प्रोलीनच्या बारीक धाग्याने आडवं शिवलं, म्हणजे नळी अरुंद होत नाही. सिस्टरने सक्शनचं टोक नेमकं हवं तिथे धरलं होतं. शिवण कोरडी राहिली तेव्हाच माझा श्वास मोकळा झाला.

अंगाचं तापमान ३४.६ झालं होतं. त्या अवस्थेत आतडं जोडत बसणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. मेलेला तुकडा काढला, दोन्ही टोकं बांधून आत ठेवली आणि पोटावर निर्जंतुक पिशवीचं प्लास्टिक शिवून टाकलं. दीड दिवसाने पुन्हा उघडलं, तेव्हा आतडं गुलाबी होतं. मग जोडलं.

डोक्यात अजून घोळतंय ते मात्र दुसरंच. डाव्या मूत्रपिंडाभोवतीही रक्ताची गाठ होती. मणक्यापुढची मधली गाठ उघडायचीच असते; बाजूची, मुक्या मारातली, वाढत किंवा ठोके देत नसेल तर तिला हात लावायचा नाही. उघडली तर आतला दाब सुटतो आणि पुष्कळदा मूत्रपिंडच काढावं लागतं. मी दोनदा निरखून पाहिली, ती वाढत नव्हती. तशीच सोडली. पण आत मूत्रपिंडाची धमनीच बंद पडली असती तर? रक्ताविना ते जेमतेम चार-पाच तास तगतं, आणि तेवढा वेळ बागेत, रस्त्यावर आणि टेबलावर संपलाच होता. नंतरच्या सीटीत धमनीचं आतलं अस्तर जरासं फाटलेलं दिसलं, प्रवाह मात्र चालू होता. अ‍ॅस्पिरिन सुरू केली.

अशा धमनीमुळे पुढे महिन्यांनीही रक्तदाब चढू शकतो, म्हणून त्याला तपासणीला बोलावलं होतं. तो आला नाही. फोन केला तर काका म्हणाले, हंगाम संपूं दे. त्यांच्या गावच्या आशाताईंना मी नाव कळवलंय. दर आठवड्याला त्याचा दाब मोजून आकडा मला पाठवा म्हणून.