सैन्यातल्या मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमाचा उपयोग होतो का हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून: गळती किती झाली, म्हणजे किती जण मध्येच सोडून गेले?

अमेरिकी सैन्यात मानसिक आरोग्य आणि मेंदूच्या दुखापतीसाठीचे कार्यक्रम उदंड आहेत. २०११ मध्ये रँड या संशोधन संस्थेनं संरक्षण खात्याच्या कार्यक्रमांची यादी केली, ती २११वर गेली. त्यातल्या एखाद्याचा अहवाल पुढे सरकवून लोक विचारतात, "याचा खरंच उपयोग होतो का?" मी आधी गळतीचा आकडा शोधतो.

पीटीएसडीसाठी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, बहुधा पीसीएल-५ प्रश्नावली भरून घेतात: २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण; गुण जास्त तितका त्रास जास्त. समजा, १०० जण आले, ६० टिकले आणि त्यांची सरासरी ४५वरून ३३वर आली. अहवालात "१२ गुणांची घट" असं ठळक छापतात. गेलेले ४० जण जिथल्या तिथे आहेत असं धरलं, तर तीच घट शंभरांत ७ गुणांवर येते. हे सातही सगळे कार्यक्रमाचे नव्हेत. माणूस येतो तोच त्रास शिगेला पोचल्यावर. पुढे तो थोडा आपसूक उतरतो. म्हणून ज्यांचा कार्यक्रम अजून सुरू झालेला नाही अशा प्रतीक्षा यादीतल्यांकडूनही त्याच आठवड्यांत तीच प्रश्नावली भरून घ्यावी. गळती म्हणजे नावडच असंही नाही हं. बदली, सराव, सेवामुक्ती, काहीही असतं. कारण नोंदवायला एक रकाना पुरतो, पण तो क्वचितच दिसतो.

मेंदूच्या सौम्य दुखापतीत गुंता वाढतो. अशा दुखापतीनंतरची लक्षणं विचारणाऱ्या एनएसआय प्रश्नावलीच्या २२ लक्षणांत झोप, चिडचिड, एकाग्रता आहेत, पीटीएसडीतही हीच. झोप सुधारली की दोन्हीकडचे गुण उतरतात आणि श्रेय भलत्यालाच जातं. तेव्हा मूळ दुखापतीची नोंद वेगळी हवी: शुद्ध किती मिनिटं हरपली (सौम्य प्रकारात ३० पर्यंत), स्मृतीत किती तासांची पोकळी राहिली (२४ पर्यंत).

आणि फॉर्म गोळा कोण करतं? नाव लिहावं लागलं की बढतीची धास्ती आडवी येते. इराकहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या एका अभ्यासात निनावी फॉर्मवर त्रास सांगणाऱ्यांचं प्रमाण २ ते ४ पट निघालं. पण निव्वळ निनावी ठेवलं तर आधीचा आणि नंतरचा फॉर्म जुळत नाही. मग सैनिकालाच सांकेतिक क्रमांक बनवायला सांगतात: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचे आकडे वगैरे. इथेही घोळ होतो. पहिल्यांदा आईचं कागदोपत्री नाव, दुसऱ्यांदा घरातलं. "जन्मदाखल्यावरचं नाव" असं फॉर्मवरच छापा.